शिक्षामाफी आणि दयेच्या अर्जाची फाइल वर्षानुवर्षं का पडून राहते? पद्धत बदलायला पाहिजे

पंचगंगाघाट

जन्मठेपेच्या कैद्याला मुदतीआधी सोडायचं की नाही, फाशीवाल्याचा दयेचा अर्ज मान्य करायचा की नाही, हे ठरवायची आपल्याकडची सरकारी पद्धत बदलायला हवी, म्हणून हा धागा काढतेय. सगळ्यांना सोडून द्या असं म्हणायला नाही. सोडा नाहीतर सोडू नका, पण वेळेत ठरवा आणि का ते लिहून द्या, एवढंच म्हणणं आहे.

कोल्हापुरात हा विषय निघाला की गावित बहिणींच्या केसशिवाय पुढे जाताच येत नाही. लहान पोरं पळवायची, त्यांना कडेवर घेऊन गर्दीत चोऱ्या करायच्या आणि मूल अडचणीचं झालं की मारून टाकायचं, आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी आयांनी त्या काळात पोरांचा हात जत्रेत सोडला नाही. २००१ ला इथल्याच सेशन कोर्टानं फाशी दिली. २००४ ला हायकोर्टानं आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. मग दयेचे अर्ज गेले आणि राष्ट्रपतींनी ते फेटाळले २०१४ मध्ये. मधली जवळजवळ आठ वर्षं कागद नुसते या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं याच उशिरापायी फाशी रद्द करून जन्मठेप केली आणि सरकारी यंत्रणेनं टप्प्याटप्प्यावर ढिलाई केली असं स्पष्ट म्हटलं.

तेव्हा आपल्याकडं बहुतेकांनी कोर्टाला बोल लावला. पण उशीर कोर्टानं केला नव्हता हो. २०१४ ला शत्रुघ्न चौहान निकालात सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलेलंच होतं की दयेच्या अर्जावर विनाकारण वर्षानुवर्षं निर्णय न घेणं हाच एक छळ आहे, त्या एका निकालात १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली होती. म्हणजे ज्यांना फाशी व्हावी असं वाटत होतं त्यांच्यावरही फाइलीनं अन्याय केला आणि ज्या रोज सकाळी 'आज वॉरंट येतंय का' म्हणून उठत होत्या त्यांच्यावरही केला. एकाच ढिलाईनं दोन्ही बाजू मारल्या.

हे झालं फाशीचं, त्यातल्या केसेस हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या. खरी गर्दी जन्मठेपेवाल्यांची आहे. मी विधी सेवेची स्वयंसेवक म्हणून काही जेलमध्ये जाते. चौदा वर्षं पुरी झालेले लोक असतात, त्यांना एकच विचारायचं असतं, "ताई, माझा प्रस्ताव कुठपर्यंत आलाय?" आणि याचं उत्तर खरंच कुणाकडे नसतं. जेल म्हणतं पुढं पाठवलाय. पुढचे म्हणतात पोलीस रिपोर्ट यायचाय. पोलीस स्टेशनला विचारलं तर आवक रजिस्टर बघावं लागेल. कारखान्याला ऊस नोंदवला तर शेतकऱ्याला नोंदीची तारीख आणि तोडीचा नंबर कळतो, इथं माणसाच्या उरलेल्या आयुष्याची फाइल आहे आणि तिला नंबरच नाही.

तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा. विरोधातलं असलं तरी सांगा, फक्त कुणा खासगी माणसाची नावं घेऊ नका.

राजारामपुरी_८वी_गल्ली

विरोधातलं सांगतो. खून करायचा, चौदा वर्षं सरकारी खर्चानं जेवायचं आणि बाहेर. वरून आपण त्यांची फाइल लवकर हलवायला बसायचं. ज्याचा माणूस गेला त्याला चौदा वर्षांनी परत मिळतो काय? माझ्या मते माफी हा प्रकारच बंद करा, म्हणजे फाइलही नको आणि उशीरही नको.

वकील_भवानीमंडप

राजारामपुरी भाऊ, राग समजतो, पण 'चौदा वर्षांत सुटतो' हे आधी डोक्यातून काढा. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे सुप्रीम कोर्टानं १९६१ सालीच गोपाळ गोडसेच्या केसमध्ये सांगितलंय. चौदा वर्षं हा सुटायचा आकडा नाही, त्याच्या आधी सोडता येणार नाही असा आकडा आहे. १९७८ मध्ये क्रिमिनल प्रोसिजर कोडमध्ये ४३३-ए घातलं, ज्या गुन्ह्याला फाशीपण होऊ शकते त्यात जन्मठेप लागली असेल तर प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ४७५ झालंय. चौदा पुरी झाली की फक्त विचार सुरू होतो.

आणि विचार कसा होतो ते बघा. आपल्या राज्यात सरकारनं कॅटेगऱ्या ठरवल्यात, १९९२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, मग १५ मार्च २०१० ची आहेत. रागाच्या भरात झालेला खून, ठरवून केलेला, टोळीनं केलेला, बाईवर अत्याचार करून केलेला, अशा वर्गवारीप्रमाणे वर्षं वाढत जातात, पार तीसपर्यंत. निम्मी भांडणं इथंच होतात, की माणसाला कुठल्या कॅटेगरीत घातला. एकानं २२ ची कॅटेगरी धरली आणि दुसऱ्यानं २६ ची तर चार वर्षांचा फरक, आणि तो फरक एक क्लार्क जजमेंट वाचून (कधी न वाचता) ठरवतो. मग हायकोर्टात रिट.

माफी बंद करा म्हणालात, तर ते विधानसभेलाही जमणार नाही. राष्ट्रपतींना घटनेच्या कलम ७२ मध्ये आणि राज्यपालांना १६१ मध्ये अधिकार आहे, तो साध्या कायद्यानं काढता येत नाही. पण तो मर्जीचा अधिकारही नाही. १९८० च्या मारू राम निकालापासून ठरलेलं आहे की राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात, आणि २००६ च्या एपुरू सुधाकर निकालात आंध्रच्या राज्यपालांनी दिलेली माफी सुप्रीम कोर्टानं रद्दच केली, कारण ठरवताना कैदी कुठल्या पक्षाचा ते बघितलं होतं.

शिरोळचा_पोरगा

माझा थेट प्रश्न आहे. माझे चुलते जन्मठेपेत आहेत, बांधाच्या भांडणातनं झालेलं प्रकरण, चौदा वर्षं होऊन गेलीत. गावात कुणी म्हणतं जुना नियम लागणार, कुणी म्हणतं नवीन. कुठला लागतो? आणि आम्ही घरच्यांनी अर्ज करायचा असतो का जेलनं? चुलतीला वाटतंय आपण अर्ज केला नाही म्हणून राहिलंय आणि ती स्वतःला दोष देत बसलीय.

वकील_भवानीमंडप

पहिलं उत्तर चुलतींना आजच सांगा, की त्यांचा काही दोष नाही. १८ फेब्रुवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना बजावलंय की जिथं धोरण आहे तिथं कैदी पात्र झाला की त्यानं अर्ज करो न करो, त्याचा विचार सरकारनं आपणहून करायचाच. नाकारलं तर थोडक्यात का होईना कारण लिहायचं, ते त्याला कळवायचं आणि याविरुद्ध कोर्टात जाता येतं हेही सांगायचं. अटी घातल्या तर त्या पाळता येण्यासारख्या पाहिजेत, मोघम नकोत.

दुसरं, धोरण कुठलं. २०१० च्या हरियाणाच्या जगदीश केसपासून नियम असा की शिक्षा लागली त्या दिवशी जे धोरण होतं ते लागतं, पण नंतरचं धोरण जास्त सोयीचं असेल तर त्याचा फायदा मिळतो. चुलत्यांच्या निकालाची तारीख बघा आणि दोन्ही लावून बघा.

सीमाभाग_माहेर

मी सहसा लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. मी दुसऱ्या बाजूची आहे. आमच्या घरातला कर्ता माणूस मारला गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. ज्याला शिक्षा झाली तो सुटून आला हे मला किराणा दुकानात कळलं. दुकानदार सहज म्हणाला, "अगं तो आलाय की गावात, बघितला नाहीस?" हातातली पिशवी तिथंच टेकवली आणि घरी येऊन सासूबाईंना कसं सांगायचं याचा विचार करत बसले. सासूबाई रोज संध्याकाळी त्याच रस्त्यानं देवळात जातात.

सोडायला माझा विरोध होता की नव्हता हे मला आजही नक्की सांगता येत नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही. कागदावर म्हणे पोलिसांनी गावात चौकशी केली. गावात म्हणजे कुणाकडे? आमचं घर गावातच आहे की. पोलीस पाटलाची सही घेतली असेल आणि झालं असेल. मला त्याला अडवायचं नव्हतं, पण तो येणार हे आधी कळलं असतं तर सासूबाईंच्या मनाची तयारी केली असती, एवढं तर माझं मागणं रास्त आहे ना?

पंचगंगाघाट

ताई, रास्त आहे, आणि तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. सुधारणा म्हटलं की सगळे कैद्याच्या बाजूनं बोलतात, तुमच्यासारख्या घराला त्या फाइलीत जागाच नसते. माझ्या यादीत हे पहिल्या नंबरला घेते. सुटायच्या आधी लेखी कळवणं, आणि त्याही आधी म्हणणं ऐकून घेणं. म्हणणं ऐकलं म्हणजे त्यांच्या शब्दावर निर्णय बांधला असं नाही, पण गावात शांतता राहील का हे ज्याला खरं माहितीय त्यालाच विचारायचं नाही आणि पोलीस स्टेशनात बसून लिहायचं, याला चौकशी म्हणत नाहीत.

पोलीस रिपोर्टचं सांगते. मी पाहिलेल्या बऱ्याच कागदांत शेवटची ओळ सारखीच असते, "सदर बंद्यास मुक्त केल्यास गावात शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही." एका फाइलीत तर ज्यांच्याशी भांडण झालं होतं ते कुटुंबच गाव सोडून इचलकरंजीला गेलेलं, शेतसुद्धा विकलेलं, आणि रिपोर्ट मात्र हाच. लिहिणाऱ्याचंही कळतं मला. 'हरकत नाही' लिहिलं आणि उद्या काही झालं तर नोकरी त्याची जाणार, 'नाकारता येत नाही' लिहिलं तर त्याला कुणी काही विचारणार नाही. पद्धतच अशी आहे की नाही म्हणणं फुकट आणि हो म्हणणं महाग. २०२३ मध्ये बिहारच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं नेमकं हेच धरलं होतं, की नुसत्या पोलीस रिपोर्टवर किंवा नुसत्या जजच्या मतावर माफी नाकारू नका, आतलं वागणं, प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल, वय, तब्येत, घरची स्थिती हे सगळं बघा.

जुना_शिपाई

जेल खात्यात नोकरी करून रिटायर झालोय. कुठल्या जेलात ते सोडा. आतली बाजू सांगतो.

बाहेरच्यांना वाटतं कैदी म्हणजे नुसता बसून खातो. पक्क्या कैद्याला काम असतं, शेती, सुतारकाम, शिवण, बेकरी. आपल्या कळंब्यातल्या बंद्यांनी केलेले लाडू अंबाबाईच्या प्रसादाला जायचे हे कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. काम केलं, नीट वागला तर महिन्याला काही दिवसांची माफी त्याच्या खात्यावर जमा होते, ती रजिस्टरला चढते. पॅरोल, फर्लोवर (म्हंजी जेलातनं मिळणारी ठरावीक दिवसांची सुट्टी) जाऊन वेळेत परत आला तर त्याचीबी नोंद. उशिरा आला तर माफी कापली जाते. म्हणजे माणूस कसा आहे ह्याचा चौदा वर्षांचा लेखी हिशेब जेलकडं तयार असतोय बगा, आणि वर निर्णय घेताना त्याच्याकडं कुणी बघत नाही ह्याचं मला कायम वाईट वाटायचं.

आशा लई वाईट. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी जवळ आली की बराकीत उठतं, यादी आली, यादी आली. २०२२ ला अमृत महोत्सवाची माफी जाहीर झाली तेव्हा तर झोपंना कोण. ती होती साठ वर्षांवरच्या पुरुषांना, पन्नासवरच्या बायकांना, अपंग, फार आजारी अशांना, आणि ज्यांची दोन तृतीयांश शिक्षा झालीय त्यांना, जन्मठेपवाल्यांना न्हवतीच. पण हे त्यांना समजावून कोण सांगणार? सगळे कपडे आवरून बसलेले. एक म्हातारा कैदी होता, रोज गेटवर येऊन विचारायचा साहेब माझं नाव हाय काय. त्याला नाही म्हणून सांगायला माझीच जीभ रेटायची न्हाई. नियम भिंतीवर मराठीत लिवून लावा, कोण बसतंय कोण नाही, म्हंजी असल्या आशेवर तरी माणूस झुरणार न्हाई.

आटपाडीकर_माणदेश

काका हिशेबाचं बोलले म्हणून आठवलं. आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानात १९३९ ला पंतप्रतिनिधींच्या राज्यात सुरू झालेली कैद्यांची मुक्त वसाहत. भिंत नाही. जन्मठेपेचे कैदी बायकापोरांसकट राहून शेती करतात. ब्रिटिश काळातल्या एका छोट्या संस्थानानं माणसावर विश्वास टाकून बघितला. आज पंचाऐंशीहून जास्त वर्षांनी आपण कुणाला सोडायचं ठरवताना असल्या ठिकाणी तो पाच वर्षं कसा राहिला ह्याला जास्त वजन द्यायला काय हरकत आहे? बंद बराकीतला माणूस बाहेर कसा वागेल हा अंदाज असतो, उघड्यावर राहिलेल्याचा पुरावा असतो.

राजारामपुरी_८वी_गल्ली

सीमाभागच्या ताईंचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना. पण माझा मुद्दा अजून सुटलेला नाही. ही पॉवर शेवटी राजकारण्यांच्या हातात आहे ना? गुजरातमध्ये बिल्किस बानोच्या केसमधले ११ जण १५ ऑगस्ट २०२२ ला सोडले, बाहेर आल्यावर हार घातले, पेढे भरवले. आपण कितीही चांगली पद्धत केली तरी वशिला असेल तो सुटणार आणि शिरोळच्या पोराचे चुलते आतच राहणार.

वकील_भवानीमंडप

तुमचा हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि म्हणूनच पद्धत पाहिजे, मर्जी नको. त्या केसचं पुढं काय झालं तेही बघा. ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ती माफी रद्द केली, दोन आठवड्यांत सगळ्यांना परत जेलमध्ये हजर व्हायला लावलं. कारण ट्रायल मुंबईत झाली होती, म्हणजे निर्णय घ्यायचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हताच. आणि ही याचिका करावी लागली कुणाला, तर जिच्यावर अत्याचार झाला तिलाच. हे ओझं तिच्यावर का?

उलट्या बाजूचं उदाहरण तमिळनाडूचं. राजीव गांधी हत्येच्या केसमधल्या पेरारिवलनच्या बाबतीत मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०१८ ला सोडायची शिफारस केली, राज्यपालांकडे ती पडूनच, शेवटी मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं आपला विशेष अधिकार वापरून सोडलं. एकीकडे घाई, एकीकडे वर्षानुवर्षं गप्प. दोन्हीकडे रोग एकच, ठरवणाऱ्यावर वेळेचं आणि कारण द्यायचं बंधन नाही.

दूरदेशी_करवीरकर

मी अमेरिकेत राहतो, मूळचा शनिवार पेठेतला. इथली परिस्थिती सांगतो म्हणजे आपण कशाची नक्कल करायची आणि कशाची नाही ते कळेल.

इथं राष्ट्राध्यक्षाला फक्त केंद्रीय गुन्ह्यांची माफी देता येते, राज्यांचं वेगळं. अर्ज जातात न्याय खात्यातल्या पार्डन ॲटर्नीच्या ऑफिसला. गोची इथंच आहे, ज्या खात्यानं माणसाला आत टाकायला खटला चालवला त्याच खात्यानं त्याच्या माफीची छाननी करायची. त्यातही एका टेबलावरून दुसऱ्या, तिथून डेप्युटी, तिथून व्हाइट हाउस, असे थरावर थर. २०१४ ला ओबामांनी ड्रग्जच्या जुन्या जाचक शिक्षा कमी करायची मोहीम काढली तेव्हा अर्जांचा एवढा ढीग झाला की पार्डन ॲटर्नी बाईंनी २०१६ च्या सुरुवातीला राजीनामा दिला, माणसं पुरेशी दिली नाहीत म्हणून. तरी ओबामांनी एकूण १,७१५ जणांच्या शिक्षा कमी केल्या, त्यातल्या ३३० तर जायच्या आदल्या एकाच दिवशी. म्हणजे इच्छा असलेला माणूस वर बसला तरी यंत्रणा नसेल तर शेवटच्या आठवड्यात गोण्या उपसाव्या लागतात. आणि यंत्रणेला बगल देऊन ओळखीच्यांना माफी मिळते ही तक्रार इथं दोन्ही पक्षांबद्दल आहे.

पण जॉर्जिया राज्यात बघा, तिथं हा अधिकार गव्हर्नरकडे नाहीच, १९४३ पासून वेगळं मंडळ आहे, तेच ठरवतं. परफेक्ट आहे असं मी म्हणणार नाही, त्यांच्यावरही टीका होते. पण निवडणुकीच्या तोंडावर फाइल दाबून ठेवायचं कारण तरी उरत नाही.

पंचगंगाघाट

करवीरकर दादा, तुमची 'खटला चालवणारं खातंच छाननी करतं' ही गोष्ट तंतोतंत आपली आहे. आपल्याकडं पोलीस गृह विभागाचे, जेल गृह विभागाचं, आणि माफीची फाइलही गृह विभागातच. जेलमधून प्रस्ताव निघतो, पोलिसांचं आणि जिल्हा प्रशासनाचं मत, शिक्षा दिलेल्या कोर्टाचं मत, पुण्याला कारागृह मुख्यालय आणि मग मंत्रालय. २०१५ च्या श्रीहरन निकालानं शिक्षा दिलेल्या कोर्टाचं मत घ्यावंच लागतं, पण चौदा-पंधरा वर्षांत जज बदललेले, त्या खुर्चीवरचे नवीन साहेब जुनं जजमेंट वाचून 'गुन्हा गंभीर आहे' लिहितात. गुन्हा गंभीर होता म्हणूनच तर जन्मठेप लागली ना, ते शिक्षेच्या दिवशीच ठरलंय. आता प्रश्न आज हा माणूस कसा आहे हा आहे. २००० सालच्या लक्ष्मण नस्कर निकालात बघायच्या गोष्टी दिल्यात, गुन्ह्याचा समाजावर परिणाम झाला होता का, परत करेल का, करायची ताकद उरलीय का, अजून आत ठेवून काही उपयोग आहे का, घरची परिस्थिती काय. या पाच प्रश्नांची पाच उत्तरं असलेला एक फॉर्म का असू नये?

फाशीच्या बाबतीत निदान हालचाल झालीय. नव्या संहितेच्या कलम ४७२ मध्ये मुदती आल्यात, जेलनं कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज, राज्यपालांनी फेटाळला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे, राज्याचं म्हणणं आणि कागद आल्यावर केंद्रानं ६० दिवसांत शिफारस करायची, निर्णय ४८ तासांत खाली कळवायचा. सगळ्या मुदती कैद्याला आणि ऑफिसांना, राज्यपाल आणि राष्ट्रपतींना मात्र एकही दिवसाची मुदत नाही, म्हणजे जिथं गाडी अडते ती जागा तशीच. आणि डिसेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तर आपल्याच राज्याचा आहे, पुण्याच्या बीपीओतल्या मुलीवरच्या अत्याचार आणि खुनाची २००७ ची केस. तिथंही उशिरामुळे फाशीची ३५ वर्षं झाली, आणि कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलं की गृह विभागात दयेच्या अर्जांसाठी वेगळा कक्ष करा, विधी विभागाचा एक अधिकारी त्याला जोडा. माझं म्हणणं, हा कक्ष फाशीपुरता ठेवू नका, जन्मठेपेच्या फायलीही त्याच्याकडे द्या.

आणि त्याच्या वर एक मंडळ, ज्यात निवृत्त जज, मानसोपचारतज्ज्ञ, प्रोबेशनचा माणूस आणि पीडितांच्या बाजूनं काम केलेलं कुणीतरी असेल, नुसते गृह विभागाचे अधिकारी नकोत. तीन महिन्यांतून एकदा बसायचंच. प्रत्येक फाइलीला नंबर, जो कैद्याला आणि पीडित घराला दोघांनाही मिळेल. चौदा वर्षं पुरी व्हायच्या सहा महिने आधी कागद सुरू, म्हणजे पात्र झाल्या दिवशी निर्णय तयार. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण कारण आणि पुन्हा कधी विचार होणार ती तारीख द्या.

गडहिंग्लज_मास्तर

मंडळाच्या रचनेत एक भर. बायका कैद्यांचं वेगळं बघायला हवं. कित्येक जणींना नवरा, माहेर, सासर कुणीच भेटायला येत नाही. अर्ज कोण करणार, जामीनदार कोण राहणार? पोलीस रिपोर्टमध्ये 'नातेवाईक स्वीकारण्यास तयार नाहीत' आलं की फाइल बंद. घरानं टाकलं याची शिक्षा सरकारनं का द्यावी? राहायची सोय करणारी संस्था जामीन राहू शकेल असा नियम करा.

सीमाभाग_माहेर

मास्तरांचं पटलं. आणि पंचगंगा ताई, फाइलीचा नंबर दोन्ही घरांना, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. मला मंडळासमोर जाऊन बोलावंच लागेल का? मी गेले तर सासूबाई एकट्या, आणि तिथं तो समोर असेल तर माझ्यानं बोलवणार नाही.

वकील_भवानीमंडप

ताई, समोर यायला लागू नये, लेखी किंवा व्हिडिओवरून म्हणणं देता यावं, या सगळ्या सूचनांचा मसुदा करून सरकारला पाठवू, त्यात तसंच घालू. आत्ता नियम नसला तरी तुमच्यासारखं घर आधीच लेखी अर्ज देऊन ठेवू शकतं, की या बंद्याच्या सुटकेचा विचार होईल तेव्हा आम्हाला कळवा. जेल अधीक्षक आणि गृह विभाग, दोघांना रजिस्टर पोस्टानं पाठवायचा आणि पोच जपून ठेवायची. तुमची वेळ गेली, पण तुमच्या गावात अजून कुणी असेल तर त्यांना सांगा.

आणि सगळ्यांसाठी, आता १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या माणसाला माफी नाकारल्याच्या रिटसाठी मुंबईच्या गाडीचं भाडं आणि लॉजचा खर्च नको. पूर्वी कितीतरी घरं नुसत्या त्या खर्चापायी गप्प बसायची.

राजारामपुरी_८वी_गल्ली

मसुदा करणार असाल तर माझीपण सही घ्या. माफीच्या बाजूनं नाही, अजूनही नाही. पण कारण लिहून द्या आणि पीडितांना आधी सांगा ह्या दोन गोष्टींवर सही करतो.

पंचगंगाघाट

चालेल की, त्या दोन मुद्द्यांवरच घेते, तुमच्या नावापुढं तसं लिहिते. मसुदा शनिवारपर्यंत इथंच टाकते, सुधारणा सुचवा, मग आमदार, गृह विभाग आणि राज्य विधी सेवा प्राधिकरण यांना पाठवू.

शिरोळचा_पोरगा

ताई, चुलतीला सांगितलं, आपण अर्ज केला नाही म्हणून राहिलंय असं नाही. लई रडली. आता पुढं काय करू? घरात जजमेंटची कॉपीच नाहीये, पुरात कपाट भिजलं तेव्हा सगळे कागद गेले.

पंचगंगाघाट

कसबा बावड्याच्या कोर्टात नक्कल विभागात अर्ज द्यायचा, केस नंबर आणि निकालाची तारीख पाहिजे, नंबर नसेल तर चुलत्यांच्या जेलच्या वॉरंटवर असतो, पुढच्या मुलाखतीला गेलात की तिथून लिहून घ्या. त्याच कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कोठडीतल्या माणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. अधीक्षकांना एक साधा अर्ज करा, की प्रस्ताव कुठल्या तारखेला, कुठल्या कॅटेगरीत आणि कुणाकडे पाठवला ते लेखी कळवा. सही चुलतीची घ्या. फर्लोवर कधी गेले आणि वेळेत परत आले का, तेही चुलत्यांना विचारून तारखांसकट लिहून आणा, वकीलसाहेबांना ते लागेल.

वकील_भवानीमंडप

हो, आणि खटल्याआधी कच्च्या कैदेत किती दिवस होते तेही आणा. ते दिवस धरायचे राहिलेले मी बऱ्याच प्रस्तावांत बघितलेत.